नाकावरचा पदर

काशी वारल्याच्या बाराव्या दिवशी, येळ्ळूरला तिच्या माहेरच्या सोप्यात, तिच्या धाकट्या बहिणीने मला सांगितले की माझ्या नाकातून घाण येते. चौदा वर्षे येते, असे ती म्हणाली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

काशी ही माझी बायको. तिला मुदतीचा ताप लागला तेव्हा निपाणीच्या आमच्या घरी राहायला ती तयार होईना. "मला माहेरी पोचवा," एवढेच म्हणत राहिली. मी तिला सर्व्हिस मोटारीने बेळगावला आणि तिथून टांग्याने येळ्ळूरला आणले. तीन आठवडे ती अंथरुणावर होती आणि मी सकाळ-संध्याकाळ तिच्या उशाशी बसत होतो. मी खोलीत आलो की तुळसा, म्हणजे ही धाकटी बहीण, तिच्या हातात तपकिरीची डबी ठेवायची. काशी दोन्ही नाकपुड्यांत चिमूट भरायची आणि मग माझ्याशी बोलायची. तापाने फणफणलेल्या बाईने तपकीर ओढावी हे मला बघवेना. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या हातातून डबी काढून घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली. पण त्यानंतर मी येऊन बसलो की ती कुशीवर वळायची आणि भिंतीकडे तोंड करायची. एक हात मागे, माझ्या बाजूला अंथरुणाच्या काठाशी पडलेला असायचा. पाच दिवस तिने असे केले. सहाव्या दिवशी ती गेली तेव्हाही तिचे तोंड भिंतीकडे होते.

ती निपाणीला परत यायची नव्हतीच, म्हणून दिवसही तिथेच केले. बाराव्याचे पाहुणे जेवून उठले आणि माझ्या मनात बारा दिवस कोंडलेले बाहेर आले. तुळसा परातीत तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "शेवटपर्यंत तू तिला तपकीर पुरवलीस. मी ती काढून घेतली म्हणून तिने माझ्याकडे पाठ केली. तुझ्या तपकिरीपायी माझी बायको माझ्यावर रुसून गेली."

तुळसाने परात बाजूला सारली.

"आक्का रुसली न्हवती, दाजी," ती म्हणाली. "तिला वास सोसंना."

"कसला वास?"

"तुमचा."

मी माझ्या सदऱ्याकडे पाहिले.

"कापडाचा न्हवं. नाकाचा. तुमच्या नाकातनं लई घाण वास येतोय. चौदा वर्षं झाली. तपकीर वढली की आक्काला जरा कमी यायचा, म्हणून वढायची. तुमी डबी काढून घेतलासा. मग तोंड फिरवलं तिनं. दुसरं काय करणार हुती?"

सोप्यात तुळसाचा नवरा होता, शेजारच्या दोन बायका होत्या. कोणी तिला गप्प बस म्हणाले नाही. सगळे खाली बघत होते. त्यावरून मला कळले की ती खरे बोलते आहे.

०

ज्याने निपाणी पाहिलेली नाही तो विचारील, चौदा वर्षे माणसाला स्वतःचे हे कळत कसे नाही. याचे एक उत्तर आजारात आहे. हा आजार आधी नाकाची वास घेण्याची शक्ती मारतो आणि मग तिथे घाण करतो. ज्याच्या घरात घाण तो एकटाच तिला मुकलेला.

दुसरे उत्तर आमच्या गावात आहे. निपाणीत तंबाखूचा पाला वखारीत आला, की कुटण्या-चाळण्याचे काम सुरू होते आणि बारीक खकाणा गावभर उडतो. वखारीतल्या बाया नाकातोंडावर पदर बांधूनच काम करतात आणि तसाच पदर घेऊन घरी जातात. पुरुष उपरण्याचे टोक नाकाशी धरून रस्त्याने चालतात. बाजारात कोणी शिंकला तर कोणी मागे वळून पाहत नाही. नाकावर पदर असलेला माणूस समोर आला तर आम्ही निपाणीकर एवढेच समजतो, की हा वखारीवरून आला. माझ्या घरी येणारी माणसे नाक झाकून येत. मला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. निपाणीच्या माणसाला वाटलेही नसते.

मी मूळचा शहापूरचा, विणकराच्या घरातला. आमच्यात मी पहिला शिकलो. फायनल झालो, काही वर्षे शाळेत शिकवले आणि मग निपाणीच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून राहिलो. लोक मास्तर म्हणत ते तसेच राहिले. संध्याकाळी मी तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. सुरुवातीला सगळे सतरंजीवर माझ्या टेबलापर्यंत दाटीने बसत. दादू आप्पा तर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. हे वखारीतले पारखी. बोदात, म्हणजे पाल्याच्या बांधलेल्या गाठोड्यात, हात घालून मधले एक पान ओढायचे, नाकाशी धरायचे आणि ते कोणत्या शिवारातले, त्याला किती दव लागले, हे डोळे मिटून सांगायचे.

पुढे पुढे सतरंजीवरची माणसे मागे सरकू लागली. आधी दाराशी, मग उंबऱ्यावर, मग बाहेरच्या कट्ट्यावर. "आत उकडतंय मास्तर," दादू आप्पा म्हणायचे. थंडीतही उकडायचे. मी आवाज चढवून वाचू लागलो. लढाई सुरू झाली तेव्हा तर समोरच्या कापडदुकानातला माणूस गिऱ्हाइकाला थांबवून माझ्या बातम्या ऐकायचा. माझे वाचन रस्त्यापर्यंत पोचले याचा मला अभिमान वाटत होता. मंडळींनी माझे टेबल कोपऱ्यातून उचलून खिडकीशी नेले, तेव्हा उजेडाची सोय केली म्हणून मी त्यांना आभाराचे पत्र लिहिले.

ते पत्र वाचताना त्यांनी एकमेकांकडे पाहिले असेल. कोणी हसलेही असेल. या आजाराने मला दिलेल्या त्रासांत हा विचार सर्वांत वाईट आहे.

०

सुरुवात एका हिवाळ्यात झाली. नाक आतून कोरडे पडायचे. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायचे आणि ओढून काढले तर रक्त यायचे. कपाळ जड असायचे. नाक चोंदल्यासारखे वाटायचे, पण शिंकरून काही निघत नसे. मी म्हणायचो, जुन्या पुस्तकांची धूळ आणि गावाचा खकाणा. वैद्यांनी नाकात तूप सोडायला सांगितले, ते काही दिवस सोडले आणि विसरलो.

त्याच वर्षी एकदा काशी दूध चुलीवर ठेवून शेजारी गेली होती. मी स्वयंपाकघरातच पाटावर बसून वाचत होतो. ती परत आली तेव्हा दूध उतू जाऊन, आटून, पातेले काळे पडले होते आणि घर धुराने भरले होते.

"तुमाला वास न्हाय आला?" तिने विचारले.

"नाही."

"एवढा धूर झालाय."

"पुस्तकात होतो."

आम्ही हसलो. पण हसून झाल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ आता मला कळतो. हे याला स्वतःहून कधीच कळायचे नाही, एवढे तिला त्या दिवशी समजले.

तिने तपकीर त्यानंतर सुरू केली. शिकलेल्या माणसाच्या बायकोने तपकीर ओढावी याची मला लाज वाटायची. तंबाखूच्या दुष्परिणामांवर एक लेख आला होता, तो मी तिला मुद्दाम वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला आणि चिमूट भरली.

"निपाणीत ऱ्हाऊन तपकीर वढली न्हाय तर गावाला राग येईल," ती म्हणाली.

रोज सकाळी ती माझ्या सदऱ्याच्या खिशात कापराच्या वड्या ठेवायची. विचारले तर म्हणायची, कसर लागू नये म्हणून. जेवण झाले की लवंग हातावर ठेवायची. मला वाटे, मूलबाळ नाही, तिची सगळी माया माझ्यावर उतू चालली आहे.

आणि तिची सर्दी. वर्षातून दोनदा-तीनदा तिला सर्दी व्हायची. एरवी ती स्वयंपाकघरात आणि मी सोप्यात, असेच आमचे चालायचे. पण सर्दी झाली की ती लाडात यायची. "या की, बसा हितं जवळ. कायतरी वाचून दावा," म्हणायची. मी वाचत असताना माझ्या खांद्यावर डोके टेकायची, कधी तशीच झोपायची. आजारी माणूस लहान मुलासारखे होते, असे मी समजत होतो. एक जाडजूड कादंबरी मी तिला अशी सर्दीसर्दीतून वाचून दाखवली. ती पुरी व्हायला सहा वर्षे लागली.

०

तुळसाशी बोलणे झाल्यावर मी कोणाचा निरोप घेतला नाही. पिशवी उचलली आणि टांगा करून बेळगावची वाट धरली. टांग्यात पुढे टांगेवाला आणि मागे मी. पाव मैल गेलो असू. त्याने पटक्याचे टोक सोडले आणि नाकावरून फिरवून गाठ मारली. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेते होती. हवा स्वच्छ होती. तिथे तंबाखू नव्हती, वखार नव्हती.

माझ्या आयुष्यात नाक झाकलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, असे म्हटले तरी चालेल.

टांगा हलत होता आणि मला एकदम ती सर्दी आठवली. काशीचे नाक चोंदलेले असे तेव्हाच ती मला जवळ बोलवायची. तेव्हाच तिला ते जमायचे. बाकीचे दिवस ती सर्दीची वाट बघत असेल का, असा विचार मनात आला आणि मी टांगेवाल्याला थांब म्हणालो. उतरलो, बांधावर बसलो. तो बिचारा काही न विचारता थांबला. वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन थांबला.

मला दुःख झाले असे लिहायला हवे. ते पुढे झाले. त्या वेळी मला राग आला होता. माझ्या घरात, माझ्या गावात, माझ्या सासरी माझ्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ती सोडून मी जगातली सगळी पुस्तके वाचत बसलो होतो.

०

निपाणीला न जाता मी बेळगावात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पातल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क होते. कपाळाला मधे भोक असलेला गोल आरसा बांधून, शेजारच्या दिव्याचा उजेड माझ्या नाकात पाडून, एका चिमट्याने नाकपुडी फाकवून ते बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी नाकावर काही धरले नव्हते. त्यांचा कंपाउंडर मात्र कामाचे निमित्त काढून बाहेर गेला. आता मला अशी माणसे दिसू लागली होती.

"वास किती वर्षांपासून येत नाही?"

"चौदा असतील."

"आणि कोणी तुम्हाला सांगितलं नाही?"

"बायको वारली," मी म्हणालो. ते उत्तर नव्हते, पण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

चिमट्याने त्यांनी आतून काही ओढले आणि पांढऱ्या तबकात ठेवले. हिरवट काळ्या, जाड खपल्या होत्या. नाकाच्या आकाराच्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला त्यांचा काहीच वास आला नाही.

मग त्यांनी मला समजावले. तोंडावर दिसते ते नाक म्हणजे नुसता ओटा. खरे घर मागे, घशापर्यंत. मधे उभी भिंत, आणि दोन्ही अंगांना वळलेल्या तीन-तीन फळ्या. त्या सगळ्यांवर ओलसर कातडी असते. आपण घेतलेली हवा या फळ्यांवरून जाताना गरम होते, ओली होते, तिच्यातली धूळ तिथे चिकटते, आणि मग ती छातीत जाते. वास ओळखणारे तंतू वर, छताशी असतात. माझ्या नाकातल्या फळ्या झिजून बारीक झाल्या होत्या. ओल गेली होती. जे वाहून जायचे ते तिथेच वाळत होते आणि कुजत होते.

"आमच्या घरी माग होते," मी म्हणालो. "कोरडा वारा सुटला की ताण्याचे धागे तटातट तुटायचे. वडील मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडायचे, ओली फडकी टांगायचे."

"तेच," डॉक्टर म्हणाले. "तुमचा माग कोरडा पडला आहे. आपल्याकडे याला पीनस म्हणतात."

"औषध काय?"

"कोमट पाणी. त्यात मीठ आणि थोडा खाण्याचा सोडा. दिवसातून दोनदा नाक आतून धुवायचं, जन्मभर. आणि काही दिवस इथे राहा, आम्ही ग्लिसरीनच्या वाती भरू. लोकांना वास यायचा थांबेल."

"आणि मला वास यायला लागेल?"

"नाही," ते म्हणाले. "पहिल्या एक-दोन वर्षांत आला असतात तर वास घेण्याची शक्ती कदाचित वाचली असती. आता नाही."

"मीठ म्हणजे कोणतं?"

"साधं. जेवणातलं."

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. आमच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी चुलीच्या उजव्या हाताला, काशीच्या हाताशी होती. चौदा वर्षे तिथेच होती. औषध त्या बरणीत आहे हे काशीला माहीत नव्हते. कळणार कसे? डॉक्टरला दाखवायचे तर आधी मला सांगावे लागले असते. ती गेल्यापासून मी तिच्यावर इतका रागावलो नव्हतो, जितका त्या बाकावर.

०

दवाखान्यात मी दहा दिवस होतो. माझी खाट ओळीत शेवटी, दाराशी ठेवली. शेजारच्या रोग्याने दुसऱ्या दिवशी जागा बदलून मागितली आणि त्याला ती मिळाली.

सकाळी सहाला पाणी यायचे. उंचावर टांगलेल्या डब्याला रबराची नळी, नळीचे टोक एका नाकपुडीत. तोंड उघडे ठेवून, मान पुढे वाकवून, श्वास तोंडाने घेत राहायचे. पाणी एका बाजूने जाते, मधल्या भिंतीला मागून वळसा घालते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मधे बोललात किंवा गिळलेत तर कानात जाते. पहिल्या दिवशी मला बुडाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी भांड्यात रक्त दिसले आणि मी नळी ओढून काढली. चौथ्या दिवसापासून भीती राहिली नाही, फक्त कंटाळा राहिला. त्यानंतर वाती भरायच्या, त्या दुपारी काढायच्या, आणि सायंकाळी पुन्हा पाणी. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी पहिल्या तीन दिवसांवरून हिंमत सोडू नये.

वॉर्डात यल्लव्वा नावाची आया होती. तिचे मराठी कानडीच्या वळणाचे होते. पहिल्या सकाळी भांडे उचलताना ती म्हणाली, "लई वास हाय री अण्णा."

तोंडावर मला असे कोणी सांगण्याची ही दुसरी वेळ होती, आणि पहिली भांडणात होती.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कालच्यापक्षा कमी." पाचव्या दिवशी, "आज जरा जास्तच हाय, नीट धुतला न्हाईसा." सातव्या दिवशी ती भांडे घेऊन उभी राहिली, एकदा वाकली आणि म्हणाली, "आज न्हाय." किती वाजले हे सांगावे तसे ती सांगायची.

मी तिला विचारले, "तुला हे बोलायला संकोच वाटत नाही?"

"संकोच कशाचा री? तुमच्या पाठीला माती लागली तर सांगायचं का न्हाय? तुमाला दिसंना, म्हणून दुसऱ्यानं सांगायचं."

"मग माझ्या बायकोला का सांगता आलं नाही?"

यल्लव्वाने फडके पिळले.

"मी सांगून माझ्या घरला जाती, अण्णा," ती म्हणाली. "तिला सांगून तुमच्याच घरात ऱ्हायचं हुतं."

०

निपाणीला परत आलो त्या संध्याकाळी वाचनालय उघडले. मंडळी कट्ट्यावर जमली होती. बायको गेलेल्या माणसाशी बोलावे तसे दोन शब्द बोलून झाले. मी वर्तमानपत्र उघडले नाही. दादू आप्पांना आत बोलावले. ते उंबऱ्याशी थांबले.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

ज्या माणसाला पानावर पडलेले दव कळते, त्याला मी हा प्रश्न विचारत होतो. कशाबद्दल, असे त्यांनी विचारले नाही.

"व्हय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सतरंजी सोडली तवापासनं."

"मग कोणीच कसं बोललं नाही?"

दादू आप्पांनी टोपी काढली, परत घातली. "वैनीनं शपथ घातलती."

"कोणाला?"

"समद्यांस्नी. घराघरात गेलती. माझ्या घरात चुलीम्होरं बसून आमच्या कारभारणीला म्हणाली, मास्तरास्नी कळलं तर ते वाचनालय सोडतील. कुणाच्या घरात जाणार न्हाईत, कुणाला घरात घेणार न्हाईत. चार भिंतींत पुस्तक घिऊन बसतील आणि सुकून जातील. तवा कुणी बोलायचं न्हाय. तुमी लांब बसा, पर येत जावा. असं म्हणाली."

काशी माझ्यासाठी घरोघर फिरली होती. माझे टेबल खिडकीशी नेण्याचेही तिनेच सुचवले होते, असे नंतर कळले. तिने साऱ्या गावाला एका गोष्टीत सामील करून घेतले आणि एकट्या मला बाहेर ठेवले.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत," मी म्हणालो.

"फसवलं," दादू आप्पा म्हणाले. "पर एक सांगा मास्तर. भाईर बसलो, पर बसलो का न्हाय? एक दिस तरी चुकलो?"

ते खरे होते. चुकले नव्हते. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून कट्ट्यावर बसत होते, आणि मी आत उबेला बसून ओरडत होतो.

मी म्हणालो, "शपथ घालणारी गेली. आता शपथ सुटली. मला स्वतःचं कळत नाही आणि पुढंही कळणार नाही. तुमच्या नाकावर गाव भरवसा ठेवतं. आता मला तुम्ही सांगायचं. असेल तेव्हा आहे म्हणायचं."

दादू आप्पा आत आले, माझ्याजवळ वाकले आणि डोळे मिटून बोदातले पान हुंगावे तसे हुंगले.

"आज न्हाय," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू." आणि सतरंजीवर बसले.

०

याला आता तीन वर्षे झाली. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी वाचनालयात जाण्याआधी मी त्याच बरणीतले मीठ घेतो. कधी कंटाळा केला तर दादू आप्पा दारातूनच सांगतात, "मास्तर, आज हाय. जावा, धुऊन या. आमी थांबतो." मी घरी जाऊन धुऊन येतो. ते थांबलेले असतात. लाज पहिल्या दोन-तीन वेळा वाटली.

हे लिहिले ते अशासाठी, की ज्या घरात असा माणूस असेल त्या घरातल्यांनी त्याला सांगावे. कोमट पाण्याचे भांडे हातात घेऊन सांगावे, म्हणजे सांगणे सोपे जाईल. तो रागावेल. त्याला रागावू द्यावे. काशीने माझा राग ओळखला होता, पण तो किती दिवस टिकला असता याचा तिचा अंदाज चुकला. मी आठ दिवस रुसलो असतो आणि मग मीठ मागितले असते. तिने चूक केली. तिच्यावर माया असूनही मी चूक असेच लिहितो, कारण त्या चुकीने आमची चौदा वर्षे सर्दीच्या दिवसांपुरती उरली.

वर्षश्राद्धाला तुळसा निपाणीला आली. दारात तिचा हात सवयीने पदराकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने पदर सोडून दिला आणि आत आली. सगळे उरकल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. वर्षभर जे विचारायचे होते ते मी विचारले.

"त्या पाच दिवसांत तिने डबी मागितली का?"

"मी दुसरी आणती म्हटलं. आक्का नको म्हणाली. त्यांनी बघितली तर परत रागं भरतील, म्हणाली."

"म्हणून भिंतीकडे तोंड केलं."

"व्हय. पर हात तुमच्याकडं ठिवलता की, दाजी. तोंड फिरवायच्या आधी दर बारीला हात मागं ठिवायची. तुमी धरावा म्हणून. तुमाला कळलं न्हाय?"

मला कळले नव्हते. मला वाटले होते, तो हात नुसता पडला आहे.

मला कसलाही वास येत नाही. माझा वास आता लोकांना येत नाही. संध्याकाळी सतरंजीवर माणसे टेबलापर्यंत बसतात. काशीची डबी माझ्या कोटाच्या खिशात आहे. तो हात पाच दिवस माझ्या शेजारी होता आणि मी तो धरला नाही.